राखीव

टेबल अकरा मीटर लांब.
क्लातोवीच्या धावपट्टीला लागून जुनं हँगर, त्याचा पोटमाळा,
खिडकीत कार्नेशनची एकुलती कुंडी.
तिला पाणी घालते ते संध्याकाळी, काम आवरल्यावर.
दिवसा इथे ओलाव्याला मज्जाव.

आधी हत्यारं मोजायची.
सुई. चिमटा. दोन आकडे.
लाल फीत बांधलेली तात्पुरती पिन.
छर्रे भरलेल्या चार पिशव्या.
एकूण नऊ. संपल्यावर पुन्हा नऊ.
आठ भरली तर सगळं उलगडायचं,
मग खाली विमान घरघरत असो
की जेवणाची वेळ टळून जावो.

मुख्य छत्र्या नटव्या असतात, नारिंगी, जांभळ्या,
त्यांचे फोटो निघतात.
ही पांढरी. हिला फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.
दोऱ्या एकेक करून बोटांतून सोडते, खालून वर,
कुठे पीळ, कुठे भाजल्याचा डाग,
बोटांना डोळ्यांआधी कळतं.
मग निऱ्या. मग कापडातली हवा काढायची,
गुडघ्यांनी, पोटानं, सगळ्या अंगानं,
झोपेत कुशी बदलणारं जनावर दाबून धरावं तशी.
पिशवी, स्प्रिंग, फास, पिन.
वर लाल दोरा, त्याला शिशाचा मणी,
पकडीत चेपला की माझी खूण उमटते.
कार्डावर तारीख. सही.
झाकली मूठ.

माझं कौतुक बाटल्यांत मोजतात.
ज्याची राखीव उघडून त्याला खाली घेऊन येते
तो प्लमची दारू आणतो, अशी इथली रीत.
अठ्ठावीस वर्षांत अकरा बाटल्या.
मी पीत नाही. नवऱ्यानं तीन संपवल्या,
त्या रिकाम्याही ओळीत ठेवल्या आहेत,
हिशेब म्हणजे हिशेब.

विटेकची बाटली आली नाही.
त्याची मुख्य छत्री छान उघडली होती,
नव्वद चौरस फूट, रुमालाएवढी.
जमिनीलगत त्यानं वळण घेतलं
आणि वळण पुरं व्हायच्या आत जमीन आली.
राखीव पाठीवर तशीच. दोरा शाबूत.
चौकशीच्या माणसांसमोर तो मीच कापला,
एकेक निरी सोडवत गेले,
आणि प्रत्येक निरी जिथल्या तिथे होती.
त्यांनी लिहिलं, बांधणी निर्दोष.

ते रुमालाएवढं कापड त्याला मीच जोडून दिलं होतं.
म्हटलं होतं, एक आकडा मोठी घे.
एकदाच म्हटलं होतं.

आणि तू, युदिता, दोनशे दहा उड्यांची,
दुसऱ्या कुणाची तरी राखीव मी मिटत असताना
जिना चढून येतेस
आणि यादीत एकशे सातवर बोट ठेवतेस.
रंग आवडला म्हणतेस.
वजन एकसष्ट सांगतेस, ते अंघोळीनंतरचं.
त्यात बूट धर, हेल्मेट धर, दोन्ही छत्र्या धर,
संध्याकाळचा उलटा वारा धर,
थकवा धर, खाली उभा असलेला तो कोण, त्याचं बघणंही धर.
मी म्हणते, एकशे पन्नास.
तू हसतेस. मी म्हणते, एकशे पन्नास.
तू मोबाईल काढतेस. मी म्हणते, एकशे पन्नास.
जीव टांगणीला लावायचाच
तर कापड तरी पुरेसं घे, पोरी.

तू पाय आपटत उतरतेस.
तुझ्या गाडीचं दार इथवर ऐकू येतं.
पिल्सेनला दुकान आहे, ते विकतील तुला,
आणि राखीव तपासायला मग
माझ्याकडेच आणशील, कदाचित.

मणी चेपायच्या आधी हत्यारं मोजते.
आठ.
पुन्हा मोजते. आठ.
तात्पुरती पिन, लाल फितीसकट,
एप्रनच्या खिशात. बोलता बोलता मीच टाकलेली.

म्हणजे आत काही राहिलेलं नाही.

विमान वर गेलंय, बिनखिडकीचं दार उघडं टाकून.
मी फास सोडते, स्प्रिंग छताकडे उसळते,
आणि पांढरं कापड पुन्हा
टेबलभर पसरू लागतं.