विंगेतून

एकोणीस वर्षं मी विंगेत बसतोय,
उजवीकडच्या, जिथं पंख्याचा वारा येत नाही.
मांडीवर वही, निळा कागद लावलेली बॅटरी.
दिवसा पाणीपट्टीच्या खिडकीत,
रात्री दुसऱ्यांची वाक्यं ओठांत धरून.

नाटक तेच. आजोबांच्या काळचं, तीन अंकी.
अख्ख्या मंगळवार पेठेला पाठ.
मामा भोळा, तिजोरी भरलेली,
आणि काशीहून आलेला भाचा, जो भाचाच नाही.
दुसऱ्या अंकात तो हात जोडून म्हणतो,
"किल्ली माझ्यापाशी राहू द्या, मामा,
विश्वास तुमच्यापाशी असू दे."
इथं बाल्कनीतनं शिट्टी.
एखादा ओरडतोच, "मामा, दिऊ नगा!"
आणि मामा देतो.
द्यावीच लागते. तिसरा अंक तिच्यावर उभा आहे.

भाचा करतो बाबालाल मुजावर,
पापाच्या तिकटीला घड्याळं दुरुस्त करणारा.
डोळे असे, की बघताच आपण खिसा चाचपावा.
आणि खरं बोलणारा दिवाणजी, ज्याचं कुणी ऐकत नाही,
तो अच्युत हेर्लेकर, शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर.
"धनी, माणूस पारखून घ्या," म्हणताना
त्याचा गळा दर प्रयोगाला त्याच शब्दावर भरून यायचा.
तिथं मी वहीत बघायचो नाही.
त्याच्याकडं बघायचो.

म्हणून मंडळाची भिशी कुणाकडं, हे निघालं
तेव्हा चर्चासुद्धा झाली नाही.
बाबालाल म्हणाला होता, "दुकानात लोखंडी कपाट हाय माझ्या."
सगळे हसले. मी जरा जास्तच.
चहा सांडला सदऱ्यावर.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात हेर्लेकर गेला.
बायको म्हणाली सांगलीला, अडतीवर म्हणाले बेळगावला.
पेटी जागेवर. किल्लीही खिळ्याला.
आत नीट अंथरलेलं वर्तमानपत्र.
माझे अठ्ठेचाळीस हजार होते त्यात,
पोरीच्या लग्नाचे.

बाबालाल काही बोलला नाही.
दर महिन्याला माझ्या खिडकीशी रांगेत उभा राहतो,
बिलाच्या घडीतून पाचशे सरकवतो.
"पावती?" एकदा सवयीनं तोंडातून गेलं.
"पावती कशाला? मला वळखत न्हाईस व्हय?"
नव्हतो.

परवा पुन्हा प्रयोग. दिवाणजी नवा, जयसिंगपूरचा.
चांगला करतो. खरा वाटतो.
मी मान वर करत नाही.
पेटीची किल्ली आता मामाच्या कमरेला;
रिकाम्या पेटीला ती कशाला.
भाच्यानं हात पुढं केला आणि मामा अडकला.
विंगेकडं बघायला लागला.
वाक्य समोर होतं, "घे बाळा, तुझ्यावाचून मला कोण."
मी पुटपुटलो, "देऊ नका."
मामा खणखणीत म्हणाला, "देऊ नका!"

थिएटर गप्प. पंखे ऐकू आले.
मग बाबालालनं हळूच
मामाच्या कमरेची किल्ली सोडवून कपाळाला लावली.
"मामा, भिंतीचं ऐकू नये. भिंतींनाबी फसवल्यालं असतं कुणीतरी."
हशा थांबेना. मलाही आला, बॅटरी हातातून पडली.

पडदा पडल्यावर तो विंगेत आला,
कानापर्यंत रंग ओघळलेला.
किल्ली वहीवर ठेवली.
"मोजून घे," म्हणाला.

एकच तर होती.
मोजली.