बासष्ट अंगठे

पालतेवारांच्या दुकानात एसी चालू होता,
म्हणून आधी थोडा वेळ नुसतीच उभी राहिले.
प्रज्वलनं काचेवर तीन लॅपटॉप मांडले,
लग्नपत्रिकेचे नमुने मांडावेत तसे,
उघडून, मिटून, बाहीनं पुसून.
"हा पाहा ताई, किती पातळ."
म्हटलं, पातळ तं भाकरही असते,
थे तव्यावर टिकली पाह्यजे.
आणि सर्वांत पातळ होता त्याला
अंगठ्याचं यंत्र लावायला भोकच नव्हतं.
तो बाजूला.

माझा जुना अडीच किलोचा,
चार्जर धरून तीनच्या वर.
डाव्या खांद्यावर त्याच्या पट्ट्याचा काळा वळ आहे.

"हा मधला एक किलो दोनशे," प्रज्वल म्हणाला.
मी तो उचलला आणि शेजारी कोंडावारांच्या किराण्यात गेले,
मागून त्याचं "ओ ताई, ओ ताई".
काट्यावर ठेवला.
कोंडावारांनी चष्मा वर केला, सवयीनं विचारलं,
"काय भाव लावू?"
एक किलो दोनशे दहा.
दहा ग्रॅम माफ.
एवढी तूरडाळ मी दर पंधरवड्याला नेते,
कधी जड वाटली नाही.

मग बॅटरी.
"अठरा तास चालते."
कुठं?
"कुठं म्हंजे?"
म्हंजे इथं तुमच्या एसीत,
की मे महिन्यात, टिनाच्या समाजमंदिरात,
पंखा हाय पण लाइन नाही,
बाहेर पंचेचाळीस,
आणि अंगठ्याचं यंत्र, नेटचा डोंगल,
दोन्ही याच्याच पोटातून पितात, तेव्हा?

त्याला हिशोब सांगितला.
बुधवारचं पोड सर्वांत मोठं, बासष्ट अंगठे.
एका अंगठ्याला सात मिनिटं.
तरण्या पोरींचे दोन मिनिटांत उमटतात.
पण निराधारच्या पैशासाठी येतात त्या म्हाताऱ्या,
त्यांच्या रेघा डिंक काढताना, मोहफुलं वेचताना,
बांबूच्या ताट्या विणताना
कुठं कुठं सांडून गेल्यात.
यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा.
पुसा, फुंकर मारा, खोबरेल लावा, पुन्हा ठेवा.
जंगूबाई टेकाम विचारते,
"मीच हाय ना वं मी?"
रांग हसते.
मी कोपऱ्यातला आकडा पाहते.

गेल्या चैतात तो आकडा तीन होता.
अठ्ठावन्न झाले होते, एकोणसाठावी जंगूबाई.
पडदा काळा झाला,
ती अंगठा दाबूनच बसलेली.
पुढच्या बुधवारी या, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
उठली, माझी पिशवी डोक्यावर घेतली,
गाडीपर्यंत आणून दिली, म्हणाली,
"लय जड हाय वं पोरी.
इतके पैसे हायत काय याच्यात?"

प्रज्वल गप्प झाला. मग म्हणाला,
घ्या, पाहा चालवून.

अकरा वाजता दुकानाच्या पायरीवर बसले, उन्हात.
यंत्र जोडलं, डोंगल जोडला,
दर सात मिनिटांनी माझाच अंगठा.
येणारे जाणारे विचारत, कायचं वाटप हाय?
दोघं-तिघं तर मागं उभेही राहिले.
तीनला प्रज्वलनं पाणी आणलं,
चारला माझ्या डोक्यावर
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा धरून उभा राहिला.
पुठ्ठा नको, म्हटलं, तिथं कोण धरणार?

पावणेसहाला एकोणसाठावा.
यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा.
घाम होता. ओढणीला पुसला.
पुन्हा ठेवा.
तिसऱ्यांदा घेतलं त्यानं.
कोपऱ्यात सत्तावीस.

बासष्टही पुरे केले, उगाच नाही.

पैसे मोजून दिले.
प्रज्वलनं सोबत कंपनीची बॅग दिली, फुकट,
सहा कप्पे, फोमची गादी, लोखंडी कडी.
हातात घेऊन पाहिली.
पाऊण किलो तरी असेल.
ती त्यालाच परत दिली,
आणि कोंडावारांकडून
डाळीची एक कापडी पिशवी मागून घेतली.