नव्वी, मग दुर्री

पहिल्या वर्षी सायन्ना बत्तुल
डाव सुरू नसला की हात मांडीखाली दाबून बसायचे.
तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेली,
तिथलं बोलणं सगळं हातांचं:
हवेत गिरकी, म्हणजे कांडी संपली.
कपाळाला दोन बोटं, जॉबर येतोय.
मूठ उघडली, की चहा.
आणि इथे, पार्क चौकामागच्या या क्लबात,
हातांनी एक अक्षर बोललं तरी चोरी.

मी ट्रंक एक्स्चेंजची.
सोलापूर–गुलबर्गा, सोलापूर–पुणे,
कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा सुताचा सौदा फिसकटतोय,
सगळं माझ्या कानावरून जायचं
आणि ऐकलेलं ऐकलं नाही, ही नोकरी.
म्हणून मला हा खेळ लवकर आला.
त्यांना दोन उन्हाळे लागले.

अडतीस शब्दांची भाषा.
एक ते सात आकडे, चार रंग आणि बिनहुकूम,
वर पास, डबल, रिडबल.
एवढ्यात तेरा पानं सांगायची.
त्यात किलवर म्हटलं म्हणजे किलवर असेलच असं नाही,
कधी तो नुसता प्रश्न असतो:
बदाम आहेत का चार, तुमच्याकडे?
सूर मात्र एकच हवा, शब्द कुठलाही असो.
सायन्नांना ऐकू कमी, म्हणून आवाज मोठा;
त्यांनी चार इस्पिक म्हटलं की
खालचा पानवाला चुना लावता लावता वर बघायचा.
पण सूर एकच. आनंदातही तोच, फजितीतही.

एप्रिलातला गुरुवार होता. खिडकीची सळई हात लावू देत नव्हती.
मी म्हटलं, एक बदाम.
डॉक्टर हिरेमठ, तीन चौकट.
आणि सायन्ना थांबले.

किती वेळ, सांगता येणार नाही.
कोनापुऱ्यांनी पेन्सिल फिरवली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.
मग त्याच सुरात: पास.

माझ्या हातात सहा बदाम.
समोरचा माणूस उगाच थांबत नाही, हे मला कळलं होतं
आणि कायदा असा, की ते मला कळलेलं नाही.
पार्टनरच्या शब्दावर माझा हक्क,
त्याच्या गप्प राहण्यावर नाही.
एक्स्चेंजमधल्या आवाजात मी म्हटलं, पास.

डॉक्टर एका हाताने उतरले. आम्हाला पन्नास.
चार बदाम होत होते आमचे, आरामात.
चारशेवीस मिळाले असते.
बरोबर आहे. काम तेच झालं असतं, आकडाही तोच.

जिन्यात विचारलं, राजा होता ना बदामाचा?
होता.
मग एवढा विचार कसला केलात?
पानांचा नव्हता, मॅडम.
ते खिशातल्या शेंगा चाचपत राहिले.
सकाळी चारही माग भंगारात घातले. किलोवर.
शेवटचा काट्यावर चढवला ना,
तेव्हा धोटा आतच राहिला का मी काढून घेतला,
ते आठवत होतो.

मी काही बोलले नाही.
इतक्या इमानाने न ऐकलेलं जे होतं
ते मला मुळात ऐकूच आलं नव्हतं.
कठडा अजून तापलेला. त्यांनी मला थोड्या शेंगा दिल्या,
आम्ही सालं खिशात भरत खाली उतरलो.

पुढच्या गुरुवारी ते आले, वेळेवर.
हात टेबलावर, मोकळे, निवांत.
हुकूम चौकट, डाव कोनापुऱ्यांचा.
मी इस्पिकचा राजा टाकला, त्यांनी नव्वी.
एक्का टाकला, त्यांनी दुर्री.
एवढं बोलायला परवानगी आहे.
मी तिसरं इस्पिक काढून मध्ये ठेवलं
आणि सायन्नांनी, अजिबात न थांबता,
चौकटच्या तिर्रीने ते कापलं.