वाळलेले दुधी

शनिवारी चारला, कन्नमवार नगरात,
सोसायटीच्या हॉलची किल्ली माळगीबाईंकडे.
सतरंजीवर तुंबे, कानशी, तापलेली सुई;
जळक्या सालीचा वास थेट जिन्यापर्यंत.

इनासने आज देठाशी बगळा काढला.
म्हणाला, मान मुळातच वाकडी होती,
मी फक्त डोळा दिला.

वहीत पुढचं: मार्गशीर्षात प्रदर्शन,
त्याआधी जव्हारला, तारपा बनवणाऱ्याकडे.
गाडीभाडं जमायचंय अजून;
वर्गणीच्या रकान्यात तूर्त भोपळाच.

कपाटावर एक दुधी तसाच आहे,
खोतांनी गच्चीत वाळवलेला, शेवटचा.
कोरायला कुणी घेत नाही.
कपाट उघडलं की हलतो,
आत बिया वाजतात.

जूनमध्ये फोडायचा, असं ठरलंय.
प्रत्येकाला चार-चार बिया.
माळगीबाईंनी कुंडी आत्ताच धुऊन ठेवली.