काठी

एल आल्तोत पाणी लवकर उकळतं.
सत्त्याऐंशी अंशांनाच खळखळ सुरू,
बटाटे मात्र शिजता शिजत नाहीत.
हे मला चुलीपाशी ठाऊक होतं.
गाडीच्या नाकाशीही तेच, हे आज कळलं.

मी मिनीबसच्या दाराशी बसते,
"सेहा, सेहा, पेरेस!" ओरडते,
नाणी मुठीत मोजते, न बघता.
महिनाभर एलेउतेरियो
चढाच्या मधल्या वळणावर गाडी थांबवायचा,
सीटखालची झाडूची काठी काढायचा,
बॉनेट उघडून माझ्याकडे पाठ.
मिनिटभरात परत.
"पाणी बघितलं," म्हणायचा.
काठीने पाणी?
नवऱ्याच्या पाठीला प्रश्न विचारू नये
अशी कुठे शपथ घेतली नव्हती मी,
पण विचारला नाही खरा.

आज काटा लाल पट्ट्यात शिरला.
वाफ. वीस माणसं खाली.
भाडं परत मागितलं, मी दिलं.
वाळवलेल्या बटाट्यांचं पोतं घेऊन बसलेल्या
एका म्हातारीने तेवढं घेतलं नाही.

फोर्तुनाता लिमाचीच्या शेडमध्ये
पहिलं काम म्हणजे काही न करणं.
"झाकणाला हात लावाल तर तोंड भाजेल."
ती भिंतीला टेकून संत्रं सोलत बसली.
मग फ्यूज पाहिला. शाबूत.
हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला.
काही नाही.
मग पंख्याचा प्लग उपटून
बॅटरीवरून थेट दोन तारा.
बारीक ठिणगी. पातं ढिम्म.

तिने खिशातली पेन्सिल काढली
आणि पात्याला हळूच ढोसलं.
फिरला!
वर्गात डुलकी लागलेल्या पोराला
कोपर मारावं तसा दचकून फिरला.

फोर्तुनाताने एलेउतेरियोकडे पाहिलं.
एलेउतेरियोने जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे.
मी काठीकडे.

"आतले कार्बन झिजलेत. किती दिवस ढोसताय?"
"कार्निवलपासून."
नायराचा चष्मा कार्निवलनंतरच आला होता.
हिशेब मी मनातच केला.
राग यायला हवा होता, आलाही,
पण त्याला उभं राहायला जागा मिळेना.

गुरुवारच्या बाजारात
ठोकलेल्या टॅक्सीतून निघालेला पंखा,
घासाघीस करून एकशे दहा बोलिव्हियानो.
चार बोल्ट. तीन सुटले,
चौथा गंजून तुटला, तिथे तार बांधली.
नव्याच्या तारांचे रंग वेगळेच.
चालू केला, तर
जाळीसमोर धरलेला मार्गाचा कागद
उडून थेट फोर्तुनाताच्या तोंडावर!
"उलटा फुंकतोय," ती म्हणाली, कागद न काढताच.
तारा अदलाबदल केल्या.
कागद जाळीला चिकटला, जळूसारखा.

पण हे तर हाताने दिलेलं.
स्वतःहून सुरू होतो का, ते बघायचं.
पाणी भरलं, हवा काढली, इंजिन सुरू.
डोंगरावरून बोचरा वारा,
आणि आम्ही तिघं बॉनेटपाशी ओळीने,
तळवे पत्र्याजवळ,
काहीतरी तापण्याची वाट बघत.
काटा अर्ध्यावर.
अर्ध्याच्या जरा वर.
अजून जरा वर.
कुणी बोलेना.
एलेउतेरियोचा हात सवयीने मागे गेला,
काठी चाचपू लागला.
काठी माझ्याकडे होती.
कधी उचलली, मला आठवत नाही.

आणि आत कुठेतरी टक् झालं,
घरघर लागली,
कागद गपकन जाळीला चिकटला.
फोर्तुनाताने उरलेलं संत्रं आम्हाला वाटलं.

संध्याकाळी परतीच्या चढावर, त्याच वळणाला
त्याचा पाय ब्रेककडे गेला.
गाडी मंदावली.
सीटखाली हात घातला त्याने, रिकामाच निघाला.
मी दारातून डोकं बाहेर काढलं
आणि मोकळ्या रस्त्याकडे बघून
मोठ्याने ओरडले,
"सेहा! सेहा!"