आदरार्थी

पूर ओसरून नऊ दिवस झाले. विश्वामित्री पुन्हा
पुलाखाली गेली, आपल्या जागी.
(आपल्या, म्हणजे तिच्या.)
मगर वनखात्याने पिंजऱ्यातून नेली.
दोन रात्री ती पार्किंगमध्ये होती
रणदिव्यांच्या स्कूटरशेजारी, कुणाचं काही न बिघडवता.

सोसायटीची सभा गच्चीवर. खाली अजून वास होता.
सचिव मी. इतिवृत्त आधी मराठीत लिहिते,
मग हीनाबेन त्याचं गुजराती करतात.
विषय क्रमांक एक: कारण.

कुणी म्हणालं कोप. कुणी म्हणालं पाप वाढलंय.
कुणाचं, ते विचारायचं नसतं. पाप नुसतं वाढतं,
गाजरगवतासारखं.
दुसरा मजला म्हणाला महापालिका,
तिसरा म्हणाला अमेरिका.
शेवटी पानसे उठले, समेटाच्या सुरात म्हणाले,
आपण सगळेच जबाबदार आहोत.
टाळ्या.
हे वाक्य आलं की लोकांना चहाची आठवण होते.

कांताबेन कप घेऊन आली होती. भाठ्यातलं तिचं घर
पहिल्याच रात्री गेलं, पत्र्यासकट.
ती ट्रे धरून थांबली. "हूं पण?"
हीनाबेन हसल्या.
मी ते लिहिलं नाही.

मग शाल्मली उठली. बारावीतली. हातात कागद होता,
पण त्यात न बघता सरळ रणदिव्यांकडे बोट:
"तुम्ही केलंत हे. तुम्हाला माहीत होतं."

रणदिवे. चौतीस वर्षं रिफायनरीत.
त्यांचं बिस्किट कपात विरघळून गेलं.
मग म्हणाले, "तुम्ही म्हणजे?
आदरार्थी, की अनेकवचनी?"

हशा झाला. पण ते हसवत नव्हते.
"अनेकवचनी असेल तर मी गर्दीत शिरतो,
तिथे पुष्कळ जागा असते.
आदरार्थी असेल तर मी एकटा आहे, सांग.
चिमणीवरची ज्वाळा विझू द्यायची नाही, हे माझं काम होतं.
रात्रपाळीहून निघताना वळून बघायचो.
सुंदर दिसायची." माझ्याकडे पाहून म्हणाले,
"तेही लिहून घ्या."

शाल्मली म्हणाली, "माहीत नाही." मग, "दोन्ही."
मग ती खाली बसली
आणि एकदम तिच्या वयाची दिसली.

मी लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.
विषय क्रमांक दोन: पंपाचं डिझेल, दर घरामागे तीनशे,
भाडेकरूंसह.

रात्री जुन्या वह्या पंख्याखाली पसरल्या.
पानं चिकटू नयेत म्हणून मधेमधे पावडर टाकत बसले.
सोळा वर्षांपूर्वीचं एक पान. शाई फुटून निळी झालेली,
क्रियापदं मात्र शाबूत:
मागील बाजूचे कोतर भरून घेण्यात आले.
खर्चास मंजुरी देण्यात आली.
सभासदांचे आभार मानण्यात आले.

हस्ताक्षर माझं.

तीन दिवस ट्रक येत होते, राडारोडा घेऊन.
कोतरात टिटव्या होत्या, त्या पुढे आठवडाभर
रात्री ओरडत फिरत होत्या, आणि पानसे
झोपमोडीची तक्रार घेऊन आले होते माझ्याकडे.
नवी गाडी उन्हात तापायची आमची.
ठराव मीच मांडला होता.

पाचवीत शिकवतात कर्ता कसा शोधायचा:
क्रियापदाच्या धातूला णारा लावून विचारायचं, कोण?
भरणारा कोण.
बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं,
कधी कधी णारी लावून पाहा.

हीनाबेनना उद्या मजकूर द्यायचाय. एका ओळीपुरती
जागा सोडली आहे. कोपऱ्यात पेन्सिलीने 'मी' लिहिलं,
एवढुसं. पुसता येईल असं.

सकाळी कांताबेन जिन्यातली पाण्याची रेघ घासायला येईल.
रेघ उंच आहे, तिचा हात पुरणार नाही.
स्टूल काढून ठेवलंय मी.