कोरडं माप

अब्बांच्या तोडक्या अरबीत वादी म्हणजे नदी नव्हे,
नदीसाठी राखून ठेवलेली जागा.
मला लहानपणी ऐकू यायचं वाडी,
आणि डोळ्यांपुढे चार घरं, विहीर, फणस.
"तिथं कोण राहतं?"
"पाणी. वर्षातनं दोन दिवस. बाकी कुलूप."

एकोणीस वर्षं ओमानात
सर्वेच्या साखळीचं दुसरं टोक धरून ते उभे होते.
गोटे, वाळू, काटेरी बोरं
("आपलीच गं, फक्त जास्त हट्टी")
आणि रस्ता पात्रात उतरतो तिथे
दोन्ही अंगांना लाल-पांढरे खांब,
टळटळीत उन्हात पाण्याची उंची सांगणारे.
पाऊस पडायचा तिकडे डोंगरात,
इथे आभाळ धुतल्यासारखं.
आधी शेळ्या उठायच्या.
मग सालिम म्हणायचा, चहा राहू दे, चढ.

परतल्यावर खोली घेतली दहिसरला, नदीकाठी.
स्वस्त मिळाली, नदीमुळेच.
मे महिन्यात नदी म्हणजे
तबेल्याकडून आलेला शेणाचा ओघळ,
एक फाटकी गादी, विटांचे स्टंप.
पण वर जंगलाकडे चालत गेलं की
घासून गुळगुळीत झालेले काळे खडक.
अब्बा त्यांवर तळहात ठेवायचे,
पोराचा ताप बघावा तसा.
"वादीच आहे ही," म्हणायचे,
"हिला कुणी सांगितलं नाही एवढंच."

एका रविवारी ऑइलपेंटचे दोन डबे आणले.
छोट्या पुलाच्या खांबावर, तळापासून,
वीतभर लाल, वीतभर पांढरा.
तबेल्यातला रामसूरत वरून ओरडला,
"चाचा, कुठली पार्टी?"
अब्बा रंगवत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले,
माप कोरड्यात घ्यावं.
ओल्यात मोजायला कोण थांबतं?

नंतर पालिका आली. भिंती उठल्या.
खांबाला राखाडी रंग, त्यावर सुविचार, पाण्याविषयीच.
अब्बा तेव्हा अंथरुणाला खिळलेले.
एवढंच विचारलं,
"खालपर्यंत रंगवलाय?"
मी हो म्हटलं. बघितलं नव्हतं.

यंदा मे महिन्यात मी उतरले, ब्रश घेऊन, साडी खोचून.
आणि अडले पहिल्याच रेघेला.
शून्य कुठे?
इतक्या वर्षांच्या गाळानं तळच वर आलाय,
मी उभी होते नदीच्या कमरेवर.
क्रिकेटवाल्या पोरानं बॅटनंच उकरायला घेतलं.
पिशव्या, चप्पल, राखाडी खांब, अजून राखाडी,
कोपरभर खाली
ओलसर, शाबूत,
लाल.

हात तसाच आत ठेवला थोडा वेळ.
काठावर एक म्हैस उठली, मग दुसरी.
वर पाहिलं. ढगाचा टिपूस नाही.
पोराला म्हटलं, चेंडू राहू दे.
चढ.